आदिम म्हणजे पहिले की मागे राहिलेले?

केळापूर तालुक्यात 'आदिम' हा शब्द मला दोनच ठिकाणी भेटत आला आहे. एक, सरकारी योजनांच्या कागदांवर: 'आदिम जमाती'. दुसरं, वाचनालयातल्या मराठी कादंबऱ्या-कवितासंग्रहांच्या मलपृष्ठांवर: 'आदिम प्रेरणा', 'आदिम वासना', 'आदिम लय'. बाजारात, एसटीत, कापसाच्या वावरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. कागदावर तो कोलामांसाठी असतो आणि त्याचा अर्थ 'फार मागे राहिलेले' असा घेतला जातो. मलपृष्ठावर तो बहुतेक वेळा शहरातल्या लेखकासाठी असतो आणि तिथे ती शाबासकी असते. पोडावरच्या माणसाला जो शब्द कमीपणाचा, तोच पुण्या-मुंबईच्या कवीला मोठेपणाचा कसा होतो?

कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. तिथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी या पोडांचा संबंध जन्मभर येतो: वसतिगृह, शिष्यवृत्ती, घरकुल. माझ्याबरोबर शिकलेल्या एका कोलाम मित्राने एकदा अर्ज भरताना मला विचारलं होतं, "आम्ही आदिम, मग तुम्ही कोण?" त्याला माझी फिरकी घ्यायची नव्हती, नेमका शब्द हवा होता. 'आदिम'च्या विरुद्ध अर्थाचा, माझ्यासारख्यांना लावायचा शब्द अर्जावर कुठेच नव्हता. ज्यांना विशेषण लागत नाही, ते विशेषण वाटणाऱ्यांच्या बाजूला असतात, एवढं मला तेव्हा कळलं. या शब्दाचा पुढचा माग मी वाचूनच काढला.

पहिलं, मूळचं, अस्सल

सरकारी मराठीतला 'आदिम' इंग्रजी 'प्रिमिटिव्ह'चा अनुवाद म्हणून आला. 'प्रिमिटिव्ह' इंग्रजीत आला फ्रेंचमधून, इसवी सन १४००च्या आसपास. जुन्या फ्रेंचमधला 'प्रिमितिफ', त्याआधी लॅटिनमधला 'प्रिमितिवुस', आणि मुळाशी 'प्रिमुस', म्हणजे पहिला. 'प्राइम', 'प्रायमरी', 'प्रीमियर' ही सगळी याच घरातली भावंडं. त्यामुळे सुरुवातीला 'प्रिमिटिव्ह'चा अर्थ होता पहिला, मूळचा, ज्यापासून बाकीचं निघालं तो. त्यात कमीपणाचा वासही नव्हता.

उलट मान होता. युरोपात धर्मसुधारणेच्या काळात 'प्रिमिटिव्ह चर्च' म्हणजे ख्रिस्तानंतरच्या पहिल्या पिढ्यांचा, भेसळ न झालेला धर्म. आपला पंथ त्या मूळ रूपाच्या जवळ आहे, हे पटवून देण्यासाठी पंथापंथांत चुरस चाले. इंग्लंडमध्ये १८१२ साली एका नव्या पंथाने स्वतःहून 'प्रिमिटिव्ह मेथडिस्ट' हे नाव घेतलं. गरीब कामगारांचा तो पंथ होता, आणि 'आम्ही मूळ वाटेवर आहोत, वाट तुमची सुटली' असा त्या नावाचा दावा होता. 'प्रिमिटिव्ह' म्हणजे मागासलेला असाच अर्थ त्या काळी रूढ असता, तर स्वतःच्या पाटीवर तो कोणी रंगवला असता का?

व्याकरणातही हा शब्द होता. जुन्या इंग्रजी व्याकरणांत शब्दांचे दोन प्रकार सांगत: 'प्रिमिटिव्ह' आणि 'डेरिव्हेटिव्ह'. मराठी व्याकरणात यांची जागा घेणारे शब्द स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही पाठ असतील: सिद्ध आणि साधित. म्हणजे इंग्रज ज्याला 'प्रिमिटिव्ह' म्हणत होते, त्याला आपण 'सिद्ध' म्हटलं. जो दुसऱ्या कशातून बनलेला नाही, जो स्वतःच उभा आहे, तो.

हा जुना अर्थ आजही जिवंत आहे, फक्त वेगळ्या खोलीत. जावा शिकणाऱ्या मुलांना पहिल्या काही धड्यांतच आठ 'प्रिमिटिव्ह' डेटा टाइप भेटतात. 'इंट' किंवा 'चार'ला कोणी मागासलेलं म्हणत नाही. ते पायाचे प्रकार आहेत, बाकीची रचना त्यांच्यावर उभी राहते. तुमच्या हातातल्या फोनमधली कितीतरी ॲप्स याच पायावर चालतात. वस्तूला, संख्येला, शब्दाला लावला की 'प्रिमिटिव्ह' म्हणजे पाया. माणसाला लावला की मात्र त्याचा तळ होतो.

रांगेची शिडी कशी झाली

हा बदल प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. एडवर्ड टायलर यांचं 'प्रिमिटिव्ह कल्चर' १८७१ साली आलं. १८७७ साली लुईस हेन्री मॉर्गन यांनी 'एन्शन्ट सोसायटी'मध्ये मानवी समाजाच्या तीन पायऱ्या मांडल्या: रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत. आधी 'पहिला' म्हणजे काळाच्या रांगेत पुढे उभा असलेला. आता त्या रांगेची शिडी झाली. शिडीवर जो पहिला, तो सगळ्यांत खालच्या पायरीवरचा. शब्द तोच राहिला, मोजणी उलटी झाली.

या शिडीची खरी गोम योहानेस फाबियान या मानववंशशास्त्रज्ञाने १९८३ सालच्या 'टाइम अँड द अदर' या पुस्तकात दाखवली. अभ्यासक एखाद्या वस्तीत जातो, तिथल्या लोकांशी बोलतो, त्यांच्या चुलीवरचं खातो. दोघं एकाच दिवशी, एकाच उन्हात बसलेले असतात. परत येऊन तो लिहितो मात्र असं, की जणू ती माणसं भूतकाळात राहतात. समोरच्या माणसाला आपला समकालीन मानायचं नाकारणं, हे 'प्रिमिटिव्ह' या विशेषणाचं मुख्य काम आहे, असं फाबियानच्या विवेचनातून दिसतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. गरीब माणसाकडे पैसा नसतो आणि निरक्षराला अक्षरओळख नसते; या उणिवा आजच्या आहेत आणि त्यांचा जाब आजच्या कोणाला तरी द्यावा लागतो. 'आदिम' म्हटलं की आजचा दिवसच काढून घेतला जातो, आणि त्याबरोबर जाब मागण्याची जागाही.

गंमत म्हणजे याच काळात कलेच्या जगात हा शब्द कौतुकाचा होता, तोही दोन वेगळ्या अर्थांनी. ब्रूज शहरात १९०२ साली आणि पॅरिसमध्ये १९०४ साली 'प्रिमितिफ' चित्रकारांची मोठी प्रदर्शनं भरली. हे प्रिमितिफ म्हणजे पंधराव्या शतकाच्या आसपासचे युरोपातले आद्य चित्रकार, यान फान आइकसारखे. तिथे शब्दाचा जुना, मानाचा अर्थ शाबूत होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०७ साली, पिकासोने 'अविन्यॉंच्या तरुणी' रंगवलं आणि आफ्रिकेतल्या मुखवट्यांचं 'प्रिमिटिव्ह' बळ आधुनिक चित्रकलेत आलं अशी चर्चा पुढे होत राहिली. फान आइक हा नाव-गाव-काळ असलेला प्रिमितिफ होता. मुखवटा कोरणाऱ्याचं नाव मात्र कोणी विचारलं नाही.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९८४ साली आदिवासी वस्तू आणि आधुनिक चित्रं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा समीक्षक थॉमस मॅकएव्हिली यांनी नेमकं हेच बोट ठेवलं: आधुनिक चित्राला कर्ता आणि साल, आदिवासी वस्तूला दोन्ही नाही. पाच वर्षांनी पॅरिसमध्ये भरलेल्या 'पृथ्वीचे जादूगार' या प्रदर्शनात वेगळा प्रयत्न झाला. जगभरातले जिवंत कलावंत तिथे आपापल्या नावाने आले आणि त्यांत डहाणू भागातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे होते. त्या प्रदर्शनावरही टीका झाली, पण मशे तिथे 'आदिम कले'चा नमुना म्हणून टांगलेले नव्हते. ते १९८९ सालचे चित्रकार होते.

कागदावरचे कोलाम

आता पुन्हा केळापूरकडे येऊ. भारत सरकारने अनुसूचित जमातींमधल्याही सर्वांत वंचित गटांसाठी १९७५ साली 'प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप' हा वर्ग केला. आधी ५२ गट होते, १९९३ साली २३ जोडले गेले, एकूण ७५ झाले. महाराष्ट्रातले तीन: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. निकष ठरले ते असे: शेतीपूर्व तंत्रज्ञान, स्थिर किंवा घटणारी लोकसंख्या, अत्यल्प साक्षरता आणि जेमतेम पोटापुरती अर्थव्यवस्था.

पहिला निकष वाचून आमच्या भागातला कोणीही हसेल. कोलाम पूर्वी डोंगरउतारावर फिरती शेती करत. फिरती असली तरी ती शेतीच. जंगल राखीव झालं तशी ती बंद पडत गेली. आज पोडावरचा कोलाम कापूस लावतो, तूर लावतो, दुसऱ्याच्या वावरात मजुरी करतो. बीटी बियाणाची पिशवी, खताचं पोतं, सावकाराचं व्याज आणि पडलेला भाव हे सगळं त्याच्या वाट्याला कुणब्याइतकंच येतं, बहुधा थोडं जास्त. कापसाच्या जागतिक बाजाराला बांधलेल्या माणसाला 'शेतीपूर्व' म्हणणं हे वर्णन नव्हे, तो त्याचा आजचा दिवस काढून घेण्याचाच प्रकार आहे.

भाषेचंही तेच. कोलामी ही द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. आपलं इतिहासवाचन ज्यांच्यामुळे समृद्ध झालं त्या सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबाद संस्थानात नोकरी करताना कोलामी शिकून तिचं व्याकरण लिहिलं, ते १९५० साली प्रसिद्ध झालं. पाचच वर्षांनी मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचं कोलामीवरचं पुस्तक कॅलिफोर्नियातून आलं. एमेनो हे एडवर्ड सपीर यांच्या तालमीतले, आणि सपीर यांचे गुरू फ्रांझ बोआस. 'प्रिमिटिव्ह' माणसाची बुद्धी कमी प्रतीची असते हा समज बोआस यांनी १९११ सालीच एका पुस्तकात खोडून काढला होता. भाषा तपासायला बसलेल्या माणसाला 'आदिम भाषा' अशी काही चीज सापडत नाही. नियम, अपवाद, उसनवारी, सगळं इतर भाषांसारखंच सापडतं. कोलाम स्वतःला 'कोलावर' म्हणवतात. त्यांच्या स्वतःच्या नावात 'मागे राहिलेले' असं काही नाही.

मला सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती पैनगंगेपलीकडची. आदिलाबादच्या डोंगरांत १९४०च्या दशकात काम केलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या लेखनातून कळतं, की तिथले गोंड कोलामांना 'पुजारी' म्हणतात. गोंड संख्येने जास्त, एकेकाळी राज्य केलेले. तरीही डोंगरातल्या, शिवारातल्या देवांची पूजा कोलामांनी करायची. कारण कोलाम या मुलखात आधीपासून आहेत, इथले देव त्यांना ओळखतात, अशी समजूत आहे.

म्हणजे गोंडांच्या नजरेतही कोलाम 'प्रिमिटिव्ह'च आहेत, पण १८१२ सालच्या अर्थाने: पहिले, म्हणून अधिकारी. सरकारी कागदावर ते १८७१ नंतरच्या अर्थाने: पहिले, म्हणून खालच्या पायरीवर. नदी एकच. अलीकडे अर्ज, पलीकडे पूजा.

२००६ साली तीन ठिकाणी

हा शब्द अवघड जागचं दुखणं झालाय हे हळूहळू सगळ्यांना कळत गेलं, आणि २००६ साली तीन वेगळ्या निर्णयांत ते दिसलं.

पॅरिसमध्ये आफ्रिका, आशिया, ओशनिया आणि अमेरिकेतल्या कलावस्तूंचं नवं संग्रहालय त्या जूनमध्ये उघडलं. 'आदिम कला' हे नाव कोणालाच नको होतं. 'आर प्रमिए', म्हणजे 'पहिल्या कला', हा पर्याय बराच चर्चेत होता. शब्द फिरून 'प्रिमुस'पाशीच आला. पण त्यावरही वाद झाला. शेवटी विशेषणच टाळलं आणि सीनकाठच्या धक्क्याचं नाव देऊन मोकळे झाले: के ब्रांली संग्रहालय.

दिल्लीत सरकारने त्याच वर्षी 'प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप'चं नाव बदलून 'पर्टिक्युलरली व्हल्नरेबल ट्रायबल ग्रुप' केलं. मराठीत कोणी 'विशेष असुरक्षित' म्हणतं, कोणी 'अतिदुर्बल', आणि बोलताना-लिहिताना 'आदिम' अजून चालूच आहे.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेत वनहक्क कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात 'प्रिमिटिव्ह' गटांना त्यांच्या अधिवासाचा सामूहिक हक्क दिला गेला, जुन्याच शब्दात. प्रशासनाने जो शब्द पुसला, तो कायद्याने कोरला.

वरवर पाहता हा गोंधळ वाटतो. मला त्यात एक अर्थ दिसतो. अधिवासाचा हक्क कशाच्या जोरावर मागता येतो? 'आम्ही दुर्बल आहोत' यावर मदत मिळते, धान्य मिळतं, घरकुल मिळतं. 'आम्ही इथे आधीपासून आहोत' यावर जमीन, जंगल, वाटा, देवस्थानं मागता येतात. जुन्या शब्दात अपमान होता, पण खोल कुठेतरी 'पहिले' हा दावाही होता. नव्या शब्दाने अपमान काढला आणि दावाही काढला. 'व्हल्नरेबल'च्या मुळाशी लॅटिनमधली जखम आहे. ज्याला जखम होऊ शकते तो व्हल्नरेबल. जखम कोण करतं, हे विशेषण सांगत नाही. जंगल कोणी राखीव केलं, जमीन कोणाच्या नावावर गेली, व्याज कोणी लावलं, हे सगळं वाक्याबाहेर राहतं. जणू दुर्बलता हा कोलामांच्या अंगचाच गुण.

यावर एक रास्त आक्षेप आहे: शब्दांचं काय घेऊन बसलात, पोडावर पाणी नाही, रस्ता नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये या ७५ गटांसाठी 'पीएम-जनमन' ही सुमारे २४ हजार कोटींची योजना सुरू झाली, तिचा लाभ मिळायला हाच वर्ग लागतो. ज्याला पक्कं घर मिळणार आहे तो नावावरून अडून बसणार नाही, आणि त्याने बसावं असं सांगण्याचा मला अधिकार नाही. पण घर देताना ते 'मागे राहिलेल्यांना पुढे आणायला' दिलं जातं की 'आधीच्यांचं जे गेलं त्यातलं थोडं परत' म्हणून, यावर पुढचं बरंच ठरतं. पहिल्यात आभार मानावे लागतात. दुसऱ्यात हिशोब मागता येतो.

मलपृष्ठाचं काय करायचं

साहित्याच्या वाचकाला या सगळ्यात काम आहे, कारण 'आदिम' हा आपल्या समीक्षेचा लाडका शब्द आहे. कथेत हिंसा आली, देह आला, पाऊस-जंगल आलं, की परीक्षणात 'आदिम' हजर. त्याचा अर्थ काय, हे लिहिणारा सांगत नाही आणि वाचणारा विचारत नाही. सुसंस्कृतपणाचा पातळ थर खरवडला की खाली काहीतरी कच्चं, प्रबळ, विचाराआधीचं असतं, अशी कल्पना त्यामागे असते. ती टायलर-मॉर्गनच्या शिडीवरूनच आलेली आहे. फरक इतकाच, की शहरी लेखकाला ती शिडी हवी तेव्हा उतरता येते आणि हवी तेव्हा चढता येते. उतरण्याचं कौतुक होतं, कारण तो वर राहतो हे गृहीत असतं. कोलामाला लावलेल्या 'आदिम'मध्ये अशी ये-जा नाही.

जे खरोखर या समाजांतून लिहितात, त्यांच्या लेखनात हे 'आदिम' मला जवळजवळ दिसत नाही. भुजंग मेश्राम यांच्या कवितेत गोंडी आहे, मराठी आहे, दफ्तर आहे, मोर्चा आहे, आणि ते सगळं आजचं आहे. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता तर आपल्या दुःखावर दुसऱ्यांनी व्यासपीठावरून बोलण्याचीच गोष्ट आहे. या कवींचा प्रश्न माइक कोणाच्या हातात, हा आहे. त्यांच्या कवितेला 'आदिम लय' म्हणून गौरवणं म्हणजे तो प्रश्न न ऐकता टाळ्या वाजवणं.

आपल्याकडे या रोगावर औषधही घरचंच आहे. 'आदि'पासून आपण दोन विशेषणं चालवतो: आद्य आणि आदिम. 'अंतिम', 'अग्रिम' जसे बनले तसाच 'आदिम'. मूळ अर्थ फक्त 'सुरुवातीचा'. पण मराठीत मुकुंदराज आद्य कवी, जांभेकर आद्य पत्रकार, आणि कोलाम आदिम जमात. जे आपले, ते आद्य. जे परके, ते आदिम.

म्हणून मी वाचताना एक साधी चाचणी वापरतो. जिथे 'आदिम' दिसेल तिथे 'आद्य' घालून पाहायचं. 'आद्य वासना' म्हटलं की परीक्षणातली हवा निघून जाते. कळतं, की तिथे अर्थ नव्हता, फक्त दबदबा होता. आणि 'आद्य जमाती विकास योजना' असं म्हणून पाहा. आता 'विकास' हा शब्द अडखळतो. जे या मुलखात आद्य, त्यांचा विकास कोणी करायचा, कोणाला विचारून, आणि त्यांच्याकडून आधी घेतलं त्याचं काय? एक शब्द बदलला तर योजनेच्या नावातून एवढे प्रश्न बाहेर पडतात.

'आम्ही आदिम, मग तुम्ही कोण?' या माझ्या मित्राच्या प्रश्नालाही मग उत्तर सापडतं, आणि ते व्याकरणाच्या पुस्तकातच होतं. ते सिद्ध. आम्ही साधित.